पामीर हायवे : पन्नाशीनंतर, दहा दिवसांत, लडाखच्या भरवशावर जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची दोन जोडपी, वयं 52 ते 61. लडाख करून आलेली. पुढच्या ऑगस्टमध्ये किर्गिझस्तानातल्या ओश शहरातून निघून पामीर हायवेनं ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे गाठायची, वाटेत अफगाण सीमेलगतचं वाखानचं खोरंही करायचं. हातात विमानप्रवास धरून दहा दिवस. एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, दोघी शाकाहारी आहेत. "लडाख झेपलं, मग हे झेपेलच ना? आणि वाटेत काय काय बघावं?"

काय बघावं ते तूर्त बाजूला ठेवू. त्या रस्त्यावर गाडीच्या काचेतून जे दिसतं तेच इतकं आहे, की ठिकाणांची यादी न करता गेलात तरी पैसे वसूल होतात. तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. रोज रात्री किती उंचीवर झोपणार, आणि कुणाला त्रास झालाच तर खाली कुठून उतरणार? मी पुण्यातून छोटे गट हिमालयात आणि मध्य आशियात नेतो. पामीरची आखणी करताना कागदावर पहिल्यांदा मुक्कामांची उंची लिहितो. किल्ले, तलाव, गरम पाण्याची कुंडं नंतर त्यात बसतील तशी बसवतो.

लडाखचा अनुभव कामाचा आहेच. विरळ हवा कशी लागते, जिना चढताना धाप कशी लागते, पाणी किती प्यावं लागतं, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण त्याच अनुभवामुळे गाफीलपणाही येतो. आकडे बघितले तर पामीर हायवेवरची सगळ्यात उंच खिंड, अकबैताल, 4,655 मीटरवर आहे. खारदुंगला त्याहून कितीतरी उंच. मग लोक म्हणतात, हे तर सोपंच! फरक खिंडीत नाही, मुक्कामात आहे. लडाखमध्ये खारदुंगला ओलांडून दुपारी नुब्रात उतरता, तीन हजारांच्या आसपास झोपता. पूर्व पामीर हे पठार आहे. एकदा वर गेलात की दोन-तीन रात्री साडेतीन ते चार हजार मीटरच्या मध्ये काढायच्या, आणि खाली यायला जवळची वाटच नाही. वाड्याच्या गच्चीवर राहायला गेलात आणि जिने मात्र गावाच्या दोन टोकांना, असा प्रकार. मुरगाब हे तिथलं मोठं गाव, उंची 3,600 मीटरच्या वर. तिथे रात्री कुणाची तब्येत बिघडली तर खोरोगला न्यायचं म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर आणि मध्ये 4,272 मीटरची कोयतेझेक खिंड. ओशला न्यायचं तर चारशेहून जास्त किलोमीटर, आणि आधी अकबैताल, मग सीमेवरची किझिलआर्त. म्हणजे खाली आणण्यासाठी आधी वर चढवायचं. लेहमध्ये मोठं रुग्णालय, विमानतळ, जागोजागी लष्कराची मदत असते. तो आधार इथे धरू नका.

यातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते, ती म्हणजे दिशा. तुम्ही ओश ते दुशान्बे म्हणता, मी उलट सांगेन. ओश हजार मीटरच्या आसपास. तिथून निघालात की पहिल्या मुक्कामाला सारीताश, साधारण 3,150 मीटर. दुसऱ्या दिवशी किझिलआर्तची 4,280 मीटरची खिंड ओलांडून काराकुल तलावाच्या काठी, जवळजवळ 3,900 वर. दोन रात्रींत शरीराची ही अवस्था. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम. ओशकडून येणारा रस्ता तो पहिल्याच झटक्यात मोडतो.

दुशान्बेकडून आलात तर चढण आपसूक हळूहळू मिळते. कालाइखुम्ब 1,200 मीटरच्या आसपास, खोरोग 2,100, इश्काशिम 2,500, लांगार तीन हजारांच्या जरा खाली. पाच-सहा रात्री होईपर्यंत तुम्ही तीन हजारांच्या आतच असता, आणि या काळात बघायला काही कमी नसतं, उलट वाखान हाच या प्रवासातला सगळ्यात भरलेला भाग. तिथून खारगुशची 4,344 मीटरची खिंड चढून पठारावर येता, तोवर शरीर बऱ्यापैकी तयार झालेलं असतं. लांगारहून थेट बुलुनकुलला, म्हणजे पावणेचार हजारांच्या आसपास झोपायला जाणं ही उडी नियमापेक्षा मोठीच आहे. म्हणून लांगारला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी गावामागच्या डोंगरावर कोरलेली शिल्पचित्रं बघायला सावकाश चढा आणि झोपायला खाली या. ओशकडूनच जायचं काही कारण असेल, तिकिटं झालेली असतील, तर आलाय खोऱ्यात, सारीताश किंवा सारीमोगोलला, दोन रात्री थांबल्याशिवाय सीमा ओलांडू नका. समोर 7,134 मीटरचं लेनिन शिखर दिसत असतं, वेळ वाया गेला असं वाटणार नाही.

आता दिवस. दहा दिवसांत पूर्ण रस्ता होत नाही. गाडी चालवणारा करून देईल, तुमचं शरीर देणार नाही. माझा हिशोब सांगतो. पहिला दिवस दुशान्बेत पोचण्याचा. दुशान्बे ते खोरोग सहाशे किलोमीटरच्या आसपास, स्थानिक लोक ते एका दमात, रात्री-अपरात्री पोचत करतात. तुम्ही कालाइखुम्बला मुक्काम करून दोन दिवसांत करा. खोरोगला एक पूर्ण दिवस थांबा. मग इश्काशिम किंवा थोडं पुढे याम्ग, मग लांगारच्या दोन रात्री, बुलुनकुल किंवा अलिचूर, मुरगाबला एक किंवा दोन रात्री, सारीताश, ओश. यात एक दिवस राखीव हवाच. दरड कोसळते, नदीला पाणी येतं, गाडीचं काही निघतं. विमान धरून हे चौदा-पंधरा दिवस होतात. दोन आठवड्यांची रजा आणि मागेपुढे शनिवार-रविवार मिळाले तर निवांत बसतं.

रजा खरंच वाढत नसेल तर अर्धाच प्रवास करा, पण नीट करा. दुशान्बे, कालाइखुम्ब, खोरोग, वाखानमध्ये याम्गपर्यंत, आणि त्याच वाटेनं परत. पठारावर जाऊ नका. एकाच रस्त्यानं परतायचं म्हणून नाक मुरडू नका. पांज नदीच्या काठाचा तो रस्ता सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच वाटतो. नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान आहे. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद, की पलीकडच्या कड्यात कोरलेल्या पायवाटेवरून गाढव हाकत जाणारा माणूस, त्याच्या पाठीवरचं गाठोडं, मागून चालणारं पोर, सगळं स्पष्ट दिसतं. तुम्ही हात केलात तर तोही करतो. आमच्या गटातले लोक पहिल्या दिवशी याचे शंभर फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवसापासून फोन खिशात ठेवून नुसते बघत बसतात. वाखानच्या वरच्या भागात पलीकडे हिंदुकुशची बर्फाची रांग आणि तिच्याही पलीकडे पाकिस्तानातलं चित्राल. ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांच्या सीमा एकमेकांना भिडू नयेत म्हणून 1895 मध्ये मधली ही चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे ठेवली गेली, हे शाळेत वाचलेलं तिथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय कळतं.

खोरोगला विमानतळ आहे, मग रस्त्याचे दोन दिवस वाचवता येतील का, असं हमखास विचारलं जातं. डोंगरांच्या फटीतून जाणारं ते छोटं विमान हवामानाच्या लहरीवर चालतं आणि मध्ये मध्ये सेवाच बंद असते. मिळालं तर नशीब. त्यावर रजेचं गणित बांधू नका.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हाला निघायच्या महिना-दोन महिने आधी ताज्या विचाराव्या लागतील. पहिली, किझिलआर्तची सीमा. ताजिक-किर्गिझ संघर्षामुळे 2021 पासून या दोन देशांमधली ये-जा बंद होती, पर्यटकांना खास परवानगी काढावी लागे. 13 मार्च 2025 ला दोन्ही देशांत सीमाकरार झाला आणि वातावरण निवळलं. तरी भारतीय पासपोर्टवर, तुमच्या किर्गिझ व्हिसावर, याच नाक्यानं प्रवेश मिळतो का, हे गाडीवाल्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका. दोन्ही बाजूंच्या सहल-संस्थांकडून लेखी घ्या. नाही मिळालं तर मुरगाबहून कोयतेझेकमार्गे खोरोगला उतरून दुशान्बेला परतायचं, ही दुसरी आखणी तयार असू द्या, आणि परतीचं विमान बदलता येईल असं काढा.

दुसरी गोष्ट, कालाइखुम्ब ते रुशान या टप्प्यावर चिनी कंपन्या रस्ता नव्यानं बांधत आहेत. काम चालू असताना सुरुंगांसाठी ठराविक तास रस्ता बंद ठेवतात आणि त्या वेळा बदलत राहतात. चार तास गाडीत बसून राहण्याची तयारी ठेवा, बरोबर पाणी आणि खाऊ हवा. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. खोरोग परिसरात नोव्हेंबर 2021 मध्ये आणि मे 2022 मध्ये मोठा तणाव झाला होता, इंटरनेट बंद होतं, बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. नोव्हेंबर 2025 मध्ये अफगाण बाजूनं झालेल्या हल्ल्यांत ताजिकिस्तानात काम करणारे चिनी कामगार मारले गेले, त्यातला एक हल्ला दरवाझ भागात, म्हणजे तुमच्याच वाटेवर. यावरून जाऊ नका असं मी म्हणत नाही. दुशान्बेतल्या भारतीय दूतावासाच्या सूचना बघा, आठवड्याभरापूर्वी तिथून परतलेल्या कुणाशी तरी बोला, आणि तारखा पुढे ढकलाव्या लागल्या तर ढकला. या भागात हट्टाला अर्थ नाही.

परवानगीचं सांगतो. ताजिकिस्तानचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्याच अर्जात गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांतात जाण्याची वेगळी परवानगी मागायची असते, ती खूण करायला विसरू नका. ही परवानगी नसेल तर व्हिसा असूनही प्रांताच्या नाक्यावरून परत पाठवतात. शुल्क आणि मुदत बदलत असते, ती सरकारी संकेतस्थळावरच बघा. सरेझ तलावाला आणि झोरकुलला निराळी परवानगी लागते. पहिल्या फेरीत या दोन्हींच्या नादी लागू नका. पासपोर्ट, व्हिसा आणि परवानगी एकाच कागदावर येईल अशा प्रत्येकी दहा-बारा झेरॉक्स काढा. नाक्यावरचा पोरगेलासा शिपाई जाडजूड वहीत हातानं नावं लिहीत असतो. भारतीय पासपोर्टवरचं स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव, यातलं नेमकं काय लिहायचं यावर तो अडतो, आणि चौघांचं होईपर्यंत अर्धा तास जातो. ड्रायव्हरनं खिडकीतून झेरॉक्स दिल्या की दोन मिनिटांत सुटका. नाके, पूल, सैनिक यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरी ठेवा. राजकारणाचा विषय तुम्ही काढू नका, कारण तुम्ही दोन दिवसांत निघून जाता, यजमान तिथेच राहतात.

गाडी आणि ड्रायव्हर यांत काटकसर करू नये, एवढ्या एका बाबतीत मी आग्रही आहे. चौघांसाठी लँड क्रूझर, पजेरो किंवा डेलिका यांपैकी काहीही चालेल. गाडी कुठली यापेक्षा स्टेपन्या दोन आहेत का, मागच्या सीटला पट्टे आहेत का, हे आधी विचारा. शेअर टॅक्सी स्वस्त पडते, दुशान्बेहून खोरोगला सहज मिळते, तरुण पोरांना ठीक. पण ती तुमच्या सोयीनं थांबत नाही, आणि पन्नाशीनंतर पाठीला आणि लघवीला थांबता येणं ही चैन राहत नाही. भाव ठरवताना पेट्रोल, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम आणि गाडीचा रिकामा परतीचा प्रवास त्यात धरला आहे का, हे स्पष्ट करून घ्या. भांडणं होतात ती या तिसऱ्या मुद्द्यावर. खोरोगच्या बागेजवळ पेक्टा या स्थानिक पर्यटन संस्थेचं कार्यालय आहे, मुरगाबला अशीच मेटा आहे. तिथून ड्रायव्हर, घरगुती मुक्काम, रस्त्याची ताजी स्थिती, सगळ्याची चौकशी होते. आणि रात्री प्रवास नाही, ही अट पहिल्याच दिवशी घाला. ड्रायव्हर हसेल, घाला.

आता रक्तदाब. गोळीनं आटोक्यात असेल तर बहुतेकांना जाता येतं, पण हे मी नाही, तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. त्यांच्यासमोर "मध्य आशियाला चाललोय" असं मोघम बोलू नका. 3,600 ते 3,900 मीटरवर सलग तीन रात्री, 4,655 मीटरची खिंड, आणि मोठं रुग्णालय एक पूर्ण दिवस लांब, असं लिहूनच न्या. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यावी का, तुमच्या गोळीबरोबर चालते का, सल्फाची ॲलर्जी आहे का, हे त्याच भेटीत विचारा. लडाखला घेतली होती म्हणून या वेळीही स्वतःच्या मनानं सुरू करू नका. डोकेदुखी, मळमळ, भूक मेली, झोप नाही, इतकं झालं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली. माझ्या गटांत रात्रीच्या जेवणाला प्रत्येकानं दुसऱ्याबद्दल सांगायचं असतं, स्वतःबद्दल नाही. नवऱ्यानं किती खाल्लं, चिडचिड करतोय का, हे बायकोला त्याच्यापेक्षा आधी कळतं. ऑक्सिमीटर न्या, पण दर तासाला बोटं घालून घाबरत बसू नका. बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यांचा ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. गाडीत खरा सिलिंडर आणि मास्क आहे का, ते खोरोग सोडण्यापूर्वी स्वतः उघडून बघा. वोडकाचा आग्रह होईल, छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हटलं की कुणी रागावत नाही. झोपेच्या गोळ्या वर घेऊ नका.

खोरोगला आगाखान संस्थेचं वैद्यकीय केंद्र आहे, त्या प्रांतात भरवशाचं म्हणावं असं ते एक. ओघात आलं म्हणून सांगतो. पश्चिम पामीरमधले लोक बहुसंख्येनं इस्माइली आहेत, आगाखानांना मानणारे. आपल्या पुण्यातला आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी 1892 मध्ये बांधला. गांधीजी आणि कस्तुरबा 1942 पासून तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा तिथेच गेल्या. 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी तो देशाला अर्पण केला. फोनमध्ये त्या वास्तूचे दोन-चार फोटो ठेवा. धर्माचा विषय आपणहून काढायचा नाही, पण यजमानांनी काढला आणि तुम्ही ते फोटो दाखवलेत, तर घरातली आजी शेजारच्यांना बोलावून आणते. इतर वेळी ओळख काढायला राज कपूर आणि मिथुन आहेतच.

मुक्काम बहुतेक ठिकाणी घरांतच. पामिरी घर बाहेरून मातीचा ठोकळा दिसतं. आत पाच लाकडी खांब, कडेनं उंच ओटे, आणि छताला एकात एक तिरके बसवलेले चार लाकडी चौकोन, त्यातून उजेड येतो. ओट्यावर चढण्याआधी चपला काढायच्या. गाद्या जमिनीवर घालतात, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा. संडास बाहेर, अंगणाच्या टोकाला, भारतीय पद्धतीचे. रात्री बॅटरी लागते. पठारावर तर वाटेत आडोसाच नाही, नजर जाईल तिथवर सपाट. आमच्या गटातल्या बायका मोठी छत्री जवळ ठेवतात, ती पावसासाठी नसते. मुरगाबला वीज रडतखडत असते, अंघोळीला गरम पाणी बादलीनं मिळेल. त्याची हौस आधीच, वाखानमध्ये यामचुनच्या वरच्या बीबी फातिमा या गरम पाण्याच्या कुंडात फेडून घ्या, तिथे बायकांची आणि पुरुषांची पाळी वेगळी असते.

शाकाहाराचं जमतं, कंटाळा येतो इतकंच. मांस नको म्हटलं की रश्श्यातला मटणाचा तुकडा काढून वाडगा पुढे करतात, आणि त्यांच्या दृष्टीनं काम झालेलं असतं. म्हणून ड्रायव्हरलाच आदल्या दिवशी पुढच्या घरी फोन करायला सांगा, की बटाटा, अंडी चालत असतील तर अंडी, भात, दही, एवढंच करा. दुशान्बेत कुरुतोब जरूर खा. पापुद्र्याची रोटी तुकडे करून आंबट दह्याच्या रसात भिजवलेली, वर कांदा-टोमॅटो-काकडी. मागवताना वर मांस घालू नका एवढं सांगा. वाखानमध्ये सकाळी शीरचाय मिळेल. दुधाचा खारा चहा, वर लोण्याचा तवंग, त्यात रोटी कुस्करून चमच्यानं खायची. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, पण थंडीत पोटाला त्याच्याइतका आधार दुसरा नाही. रोटी कधी उलटी ठेवू नका, तिथे ते फार लागतं. ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यांत जर्दाळू आणि वाळवलेली तुतं मिळतात, खिशात भरून घ्या. पठारावर भाजी म्हणजे कांदा, बटाटा, गाजर. घरून चिवडा, लाडू, मेतकूट, लोणचं आणि गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपम्याचे पुडे न्या. डाळ-तांदूळ नेऊ नका. चार हजार मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. मोठ्या तोंडाचा थर्मास मात्र न्याच.

पैसे रोख न्या. सोमोनी हे तिथलं चलन. खोरोगला बँका आणि एटीएम आहेत, पुढे त्यांच्यावर विसंबू नका. रुपये कुणी घेत नाही. डॉलर नवे, न मळलेले, न दुमडलेले, आणि सुटे हवेत. इंटरनेट खोरोगच्या पुढे येऊन-जाऊन, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की तीन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. ताजिकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, किर्गिझस्तानचं अर्धा तास पुढे. मुरगाबमध्ये बरेच जण ओशची वेळ पाळतात, तेव्हा सकाळी निघायची वेळ ठरवताना कुठल्या घड्याळानं ते विचारून घ्या.

ऑगस्ट महिना योग्य आहे. दुशान्बेत अंगाची लाही होते आणि आठवड्याभरानं बुलुनकुलला रात्री पाणी गोठू शकतं, म्हणून एक जाड जाकीट आणि आत घालायचे तीन पातळ थर, हा पोशाख. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला व्यक्तिशः जास्त आवडतो, हवा स्वच्छ आणि ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, पण थंडी वाढते. जूनमध्ये बर्फ वितळून नद्या फुगतात. जुलै 2015 मध्ये खोरोगजवळ बार्सेमला चिखल आणि दगडांचा असा लोंढा आला, की गुंत नदी अडून तलाव झाला आणि हायवे बंद पडला. रुशानजवळ आत शिरणारं बारतांग खोरं बघायचं मनात असेल तर याच कारणासाठी ते राखीव दिवसावर ठेवा.

कामाला लागाल तेव्हा आधी रजा किती मिळते ते पक्कं करा, त्यावर पूर्ण रस्ता की अर्धा हे ठरेल. मग डॉक्टर. मग सीमेची चौकशी. विमानाची तिकिटं त्यानंतर. मुंबईहून बहुतेक वेळा दुबई, ताश्कंद किंवा अल्माटीमार्गे जावं लागतं. पूर्ण रस्ता करणार असाल तर जाताना दुशान्बे आणि येताना ओश अशी तिकिटं बघा, आणि मधल्या विमानतळावर बाहेर पडायचं असेल तर त्या देशाचा व्हिसा लागतो का तेही. शेवटचं काम विम्याचं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत ठराविक उंचीच्या वर काहीही झालं तर जबाबदारी नसते, आणि ती ओळ बारीक अक्षरात असते. मोटारीनं 4,700 मीटरपर्यंत जाणार आहोत, आधीपासूनचा रक्तदाब आहे, आणि दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे तिन्ही प्रश्न विमा कंपनीला ईमेलनं विचारा. फोनवर "हो हो, सगळं कव्हर आहे" म्हणतात, ते पुरेसं नाही. उत्तर लेखी आल्यावरच हप्ता भरा.